त्याआधी कुठले?

आमच्या घरात मुलांकडून पाढ्यांच्याही आधी एक उत्तर पाठ करून घेतात. कुणी विचारलं, तुम्ही कुठले, तर म्हणायचं, महूचे. त्यापुढे काही जोडायचं नाही. समोरचा तिथे थांबला तर उत्तम. नाही थांबला, "हो, पण त्याआधी कुठले?" म्हणाला, तर हसायचं आणि विषय बदलायचा. आजोबांनी हे पप्पांना शिकवलं, पप्पांनी ताईला आणि मला. आजोबा फौजेत होते, इंदूरजवळच्या महूच्या छावणीतून निवृत्त झाले आणि तिथेच राहिले. भरतीच्या वेळी त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलंच नाही. तेव्हापासून त्यांच्या वडिलांचं नाव हेच आमचं आडनाव. त्यावरून आम्ही कोण ते कुणाला ओळखता येत नाही, आणि येऊ नये हाच त्याचा उपयोग.

आम्ही बौद्ध. हे मी इथे सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे ज्यांना फक्त तेवढंच जाणून घ्यायचं होतं त्यांनी पुढे वाचायचे कष्ट घेऊ नयेत.

यात लपवण्यासारखं काय आहे, असं मला पुष्कळ लोक विचारतात. चांगले, शिकलेले लोक. त्यांना मी आमच्या खोली शोधण्याची गोष्ट सांगते.

ताई माझ्याहून मोठी, बेटम्याच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवते. महूहून रोज बस बदलत जाणं तिला झेपेना, म्हणून दोघींनी इंदुरात धार रोडच्या बाजूला खोली घ्यायचं ठरवलं. माझं कॉलेज संपलं होतं आणि मी एका लहानशा संघटनेचं काम करायला लागले होते. आमचं ऑफिस म्हणजे सियागंजमध्ये नळाच्या सामानाच्या दुकानावरची एक खोली. तिथे बसून आम्ही पत्रकं लिहायचो, घड्या घालायचो आणि जगाशी भांडायचो.

पहिलीच खोली आम्हाला आवडली. घरमालकीण मराठी, घर लख्ख, बोलणं साजूक. तिने आम्हाला बसवलं, पोहे दिले, वर शेव पेरली. थेट तिने काही विचारलं नाही. इंदुरातली आपली माणसं थेट विचारतच नाहीत, फार सभ्य आहेत. ती म्हणाली, "तुमच्याकडे गणपती दीड दिवसाचा की दहा दिवसांचा?" ताई म्हणाली, आमच्याकडे नाही बसत. "बरं बरं. मग गौरी? खड्यांच्या की मुखवट्यांच्या?" त्याही नाहीत. "अगं, मग कुलदैवत कुठलं तुमचं?" या एका ओळीत माणसाची सात पिढ्यांची झडती होते आणि वरून ती चौकशी आपुलकीची दिसते. ताईला फिरवून बोलता येत नाही, गणितवाली आहे. ती म्हणाली, "कुलदैवत नाही काकू. आम्ही बौद्ध आहोत."

काकू म्हणाल्या, आम्हाला तसलं काही नाही हो. मग चहाचा एक घोट घेतला आणि त्यांना एकदम आठवलं की यजमानांच्या भाच्याची इंदूरला बदली होते आहे आणि खोली त्याला द्यायचं ठरलंय. दोन घोटांच्या मध्ये भाचा जन्मला, शिकला, नोकरीला लागला आणि त्याची बदलीही झाली. मी तिथेच उठून काहीतरी बोलणार होते. ताईने माझा हात दाबला. जिना उतरताना ती म्हणाली, "बिचारा भाचा. पोटात पोहे नाहीत आणि बदली झाली." आम्ही हसलो. कोपऱ्यावर येईपर्यंत हसलो आणि मग ताईने यादीतला पुढचा पत्ता काढला.

शेवटी खोली मिळाली ती एका माळवी बाईंच्या घरात. त्यांनी आमच्या कुळाचं काही विचारलं नाही, बाकी सगळं विचारलं. भाजी काय केली, उशीर का झाला, चपला कुणाच्या, फोनवर कोण होतं. ताईला तर रोज एकच, "बेटा, तेरी आंखें पीली क्यों रहती हैं?" मी म्हणायचे, आंटीजी, काजळाने तशी दिसतात. माझ्या लेखी ही पण एक पंचाईतच होती, फक्त बिनविषारी.

त्याच दिवसांत मी ते पत्रक लिहिलं. हिंदीत होतं, कारण इंदुरात भांडायचं तर हिंदीतच भांडावं लागतं. वर ठळक अक्षरांत, 'किराया बताओ, जात मत पूछो'. खाली लिहिलं होतं की कुणी कुठले म्हणून विचारलं तर उलट विचारा, जानकर क्या करोगे? पत्रक गाजलं. मला वाईट वाटण्याचं काही कारण नाही, ते आजही बरोबर आहे.

आता ताईच्या दुखण्याबद्दल. ते तिला लहानपणापासून होतं. थंडी पडली, पाणी कमी प्यायलं गेलं, दगदग झाली की तिची हाडं दुखायची. मांड्या, पाठ, कधी दंड. आतून कुणी पिळतंय असं ती म्हणायची. लहानपणी सगळे म्हणाले, वाढीचं दुखणं आहे. मोठी झाल्यावर म्हणाले, वात आहे. नोकरी लागल्यावर म्हणाले, टेन्शन आहे. कॉलेजात असताना तिच्या पित्ताशयात खडे निघाले आणि ते पित्ताशयच काढावं लागलं. त्या डॉक्टरने टाके बघता बघता विचारलं होतं, "आप लोग कहां के हो?" पप्पा म्हणाले, महू के. डॉक्टर म्हणाला, अच्छा, बढ़िया जगह है. संपलं.

लालबागच्या मैदानावर हिवाळ्यात मेळा लागला होता. खाण्याचे ठेले, कपडे, पाळणे, गर्दी. आम्ही फाटकापाशी पत्रकं वाटत होतो. ताई शाळेतून परस्पर तिथे आली, बसच्या खिडकीतलं वारं खाऊन. मी तिला घरी जा म्हटलं, ती म्हणाली, जरा वेळ वाटते, मग दोघी भुट्ट्याचा कीस खाऊन जाऊ. संध्याकाळ व्हायला आली होती. मला तिचा चेहरा दिसला तेव्हा तिच्या हातातली पत्रकं खाली पडत होती आणि तीही खाली बसत होती, भिंतीला पाठ लावून, हळूहळू. मग ती कुशीवर आडवी झाली आणि ओरडली. ताईला मी असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

क्षणात गर्दी जमली. आमच्याकडून पत्रक घ्यायला ज्यांना वेळ नव्हता ते सगळे थांबले. क्या हुआ, कौन है, कहां की है, शादीशुदा है क्या. एकाने निदान केलं, मिर्गी है, जूता सुंघाओ, आणि दुसऱ्याने खरंच बूट काढला. एक बाई मला विचारत होती, अकेली आई थी या कोई लड़का साथ में था? पुढच्यांनी फोन काढले. मी हटो म्हणून किंचाळले तर ते मागे सरकले, पण चित्र नीट यावं इतपतच. प्रत्येकाला कळून घ्यायचं होतं. तिला उचलायचं कुणाच्या मनात आलं नाही. मी कुणाला तरी म्हटलं, पाय धरा, तर तो म्हणाला, "मैडम, पहले बताओ हुआ क्या है." जणू उत्तर पसंत पडलं तर पाय धरणार होता.

एक ऑटोवाला आत घुसला. तोही तसलाच, इंदुरीच. ताईला खांद्याला धरून बसवतानाच त्याचं सुरू झालं, दीदी को कब से है, पहले किधर दिखाया, खाना क्या खाया था, पापाजी क्या करते हैं. मी एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. पण तो विचारत होता आणि गाडी हाणत होता, उलट्या बाजूने घुसत होता, हॉर्नवर हात दाबून लोकांना शिव्या घालत होता. "भिया, हट जा, बहन बैठी है." पैसे द्यायला मी वळले तर तो हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर शोधत होता. त्याच्या प्रश्नांची मला अजून चीड येते आणि त्याचे आभार मानायचे राहिले याची चुटपुट लागते. दोन्ही खरं.

हॉस्पिटल खाजगी होतं, मध्यम. ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलाने ताईला दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. मग मोठ्या डॉक्टर आल्या. पन्नाशीच्या, मराठी. महाराष्ट्रातून नुकत्याच इंदूरला आल्या होत्या, बोलण्यावरून कळत होतं, कारण त्यांच्या मराठीत हिंदी शब्द अडखळत यायचे, आमच्या मराठीत येतात तसे सहज नाही. त्यांनी ताईच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. पोट दाबून बघितलं. टाक्यांची खूण दिसली तेव्हा थांबल्या. हे कशाचं, कितव्या वर्षी, खडे कुणी म्हणालं, काळे होते का. ताई दात आवळून उत्तरं देत होती. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला ओळखीचं होतं. ती उत्सुकता होती. कुणाला तरी माझ्या बहिणीच्या शरीरात रस वाटतोय आणि ती तिथे कण्हतेय, हे मला बघवेना.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"महूच्या," मी म्हटलं.

"त्याआधी?"

माझ्या डोळ्यांपुढे पोहे, शेव, दीड दिवसाचा गणपती, सगळं आलं. मी म्हटलं, "त्याआधीचं कशाला हवंय? तिचं दुखणं बघा ना. जात कळल्याशिवाय औषध देता येत नाही का तुम्हाला?"

शेजारच्या खाटेवरचे लोक वळून बघायला लागले. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी मला गोंजारलंही नाही, आणि त्यासाठी मी त्यांना मानते. म्हणाल्या, औषध दिलंय. मला गाव हवंय. समाज सांगितलात तर तोही हवाय. आणि तुमच्या घरात लहानपणी कुणी मूल दगावलं होतं का, तेही हवंय.

"उत्तराचं काय करणार?" मी विचारलं. पत्रकातलाच प्रश्न.

त्यांनी सांगितलं. त्या वर्ध्याकडे, चंद्रपूरकडे सरकारी दवाखान्यांत बरीच वर्षं होत्या. तिथे त्यांना अशा मुली रोज दिसत. पिवळट डोळे, कोवळ्या वयात पित्तखडे, थंडीत उसळणारं हाडांचं दुखणं. त्यांना सिकलसेलची शंका होती. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. रक्त त्या तपासायला पाठवणारच होत्या, आम्ही काही सांगो न सांगो. पण पक्का रिपोर्ट बाहेरून यायला वेळ लागणार होता, आणि असं दुखणं उसळलं की मागोमाग छाती भरू शकते. "तुमचं उत्तर मिळालं तर मी रिपोर्टची वाट बघणार नाही. आजच तयारीला लागते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "हा आजार जात बघून होत नाही. पण आपण पिढ्यान् पिढ्या जातीतच लग्नं लावतो, म्हणून तो त्याच घरांत फिरत राहतो. तो दोष आजाराचा नाही."

मला हे ऐकू आलं, पण आत शिरलं नाही. संतापलेल्या माणसाचे कान तसेच असतात. मी ताईला म्हटलं, चल, दुसरीकडे जाऊ.

ताई म्हणाली, "छोटी, गप बस. दुखतंय मला. त्यांनी मला विचारलंय, तुला नाही." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "मॅडम, मी सांगितलं असतं हो. पण मला माहीतच नाही आम्ही कुठले."

हे खरं होतं. मलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही जे जिवापाड लपवत होतो ते आमच्याजवळ नव्हतंच. रिकाम्या पेटीला कुलूप घालून बसलो होतो.

पप्पांना फोन मी केला. पप्पा पीथमपूरच्या कारखान्यातून नुकते घरी आले होते, मागे टीव्ही चालू होता. ताई हॉस्पिटलात आहे म्हटल्यावर ते आईला घेऊन निघतोच म्हणाले. मी म्हटलं, निघा, पण आधी एक सांगा. महूच्या आधी आपण कुठले?

"कोण विचारतंय?"

"डॉक्टर."

"कोण डॉक्टर? आडनाव काय तिचं?"

आजोबांचा धडा माझ्या वडिलांच्या तोंडून असा उलटा बाहेर आला. दुसरी कुठली वेळ असती तर मी हसले असते. मी म्हटलं, "पप्पा, डॉक्टर नाही. मी विचारतेय. मला सांगा."

त्यांनी सांगितलं. वर्धा नदीच्या काठचं एक लहान गाव. नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांना व्यवस्थित माहीत होतं. तरुणपणी कुणाला न सांगता जाऊन बघूनही आले होते. मग मी दुसरा प्रश्न विचारला, घरात लहानपणी कुणी गेलं होतं का. टीव्हीचा आवाज बंद झाला. 

"मला एक बहीण होती," ते म्हणाले.

मी त्यांच्या घरात जन्मले, वाढले. आमच्या भिंतीवर आजोबांचा फौजेतला फोटो आहे, आजीचा आहे, पप्पांच्या काकांचा आहे. बहीण होती हे मला त्या दिवशी कळलं, हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, पाण्याच्या कूलरला टेकून. ती पप्पांहून मोठी होती. लहानपणी तिच्या हातापायांची बोटं सुजून केळ्यांसारखी व्हायची. लोक म्हणायचे, वारं आहे. अंगारे झाले, तेलं झाली. छावणीच्या दवाखान्यात दाखवलं, त्यांना कळलं नाही. एका थंडीत ताप आला, श्वास लागला आणि ती गेली. अजून फ्रॉक घालण्याच्या वयाची होती.

मी विचारलं, आम्हाला कधी का नाही सांगितलं?

ते म्हणाले, "लोक फार विचारायचे, बेटा."

ती गेल्यावर शेजारपाजारच्या बायका आजीला भेटायला येत आणि विचारत. कशाने गेली? हात कसे दिसायचे? तुमच्यात आधी कुणाला होतं का? रक्तातलं आहे का? धाकट्याला काही दिसतं का? दिवसाआड कुणी ना कुणी. आजीने एक दिवस मुलीचे कपडे कुणाला तरी देऊन टाकले, फोटो उचलला, आणि घरात सांगितलं की आता तिचं नाव कुणी काढायचं नाही. नाव निघालं नाही तर प्रश्न येणार नाहीत. तसंच झालं. प्रश्न आले नाहीत. पन्नास वर्षांनी ज्या एका प्रश्नाला ते नाव हवं होतं, त्याच्यासाठीही आम्हा बहिणींजवळ ते नव्हतं.

मी आत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, काही लिहिलं नाही, थेट नर्सला हाक मारली. रक्ताची पिशवी मागवून ठेवली, ऑक्सिजन खाटेशी आणवला, सलाईन किती जातंय ते स्वतः मोजून बघितलं. मला ते जास्तीचं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या छातीत दुखायला लागलं. तिचे ओठ काळवंडले आणि तिला वाक्य पुरं करता येईना. मी नर्सला हाका मारत पॅसेजमध्ये धावले. डॉक्टर मात्र धावपळ करताना दिसल्या नाहीत, कारण धावपळ त्यांनी आदल्या संध्याकाळीच करून ठेवली होती. पप्पा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी हा श्वास पूर्वी ऐकला होता. ते तिथून हलले नाहीत.

ताई वाचली. रिपोर्ट आला तो डॉक्टरांच्या शंकेसारखाच. पप्पांच्या आणि आईच्या रक्तात अर्धं अर्धं, ताईला दोघांकडचं मिळून पूर्ण. माझ्यात अर्धं. रोजची एक कॅप्सूल, भरपूर पाणी, थंडीपासून जपणं आणि वेळच्या वेळी तपासणी. याहून जास्त काही नाही. कळलं असतं तर हे लहानपणीच सुरू झालं असतं.

आणि मग लोक आले. बातमी कुणी दिली माहीत नाही, बातमीला कुणी द्यावं लागत नाही. ताईच्या शाळेतून विचारणा झाली की हे मुलांना लागतं का. गणित शिकवून सिकलसेल होत असता तर निम्मं इंदूर आजारी पडलं असतं, असं मी फोनवर म्हटलं आणि ताईने फोन काढून घेतला. आईची एक मावसबहीण फळं घेऊन आली आणि टेकायच्या आधी म्हणाली, "पण आलं कुणाकडून गं? तुझ्याकडून का यांच्याकडून?" आई उठून आत गेली. दोघांकडून, असं मी सांगितलं तर बाईंना ते पटलं नाही. त्यांना एक गुन्हेगार हवा होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि विचारलं, हिला पण आहे? मला दिसत होतं, त्या आतल्या आत स्थळांचा हिशोब करत होत्या. मी त्यांना दार दाखवलं. आई अजून त्याबद्दल माझ्याशी नीट बोलत नाही.

मला संघटनेतले लोक म्हणाले, तू आता ते पत्रक मागे घेणार का? डॉक्टरने विचारलेलं चाललं ना तुला? नाही घेणार. घरमालकिणीने विचारलं आणि डॉक्टरने विचारलं, शब्द तेच होते, मान्य. पण एकीला दार लावायचं होतं म्हणून कळून घ्यायचं होतं आणि दुसरीला रात्रभर जागं राहायचं होतं म्हणून. लालबागच्या गर्दीला काहीच करायचं नव्हतं, तरी कळून घ्यायचं होतं, आणि तेच मला सगळ्यांत घाण वाटतं. माणसाला दुसऱ्याबद्दल कुतूहल वाटतं यात मला पाप दिसत नाही. ते नसतं तर डॉक्टरांनीही माझ्या बहिणीला वाताची गोळी देऊन घरी पाठवलं असतं, आधीच्यांनी पाठवलं तसं. पण जे लोक उगाच विचारतात, खेळ म्हणून, चव म्हणून, ते फक्त त्या घराला दुखवत नाहीत. ते त्या घराचं तोंड बंद करतात. मग खऱ्या माणसाने विचारलं तरी आतून उत्तर येत नाही. माझ्या आजीच्या घराचं तोंड असं बंद झालं होतं, आणि त्यापायी माझी बहीण जवळजवळ गेली होती. हे मी त्या फळंवाल्या मावशीला कधीतरी सांगणार आहे. तिला आवडो न आवडो.

ताई घरी आल्यावर आम्ही काही दिवस महूला राहिलो. पप्पांनी एकदा दबक्या आवाजात सुचवलं की बाहेर कुणी विचारलं तर अशक्तपणा होता म्हणावं. थोड्या दिवसांनी लोक विसरतील. बोलताना ते खिडकीकडे बघत होते. मला कळत होतं, त्यांना ताईला वाचवायचं होतं. जे शिकले होते त्यानेच वाचवत होते.

ताई गच्चीवर उन्हात सतरंजी टाकून बसली होती, अंगावर शाल, हाताशी पाण्याची बाटली. ती म्हणाली, "नाही पप्पा. मी सिकलसेल आहे म्हणून सांगणार. गावही सांगणार."

"लोक काय काय विचारतील, तुला माहीत नाही."

"विचारू देत. त्यांच्यातल्या एखाद्याच्या घरात असेल कुणी मूल, बोटं सुजणारं. तो पण ऐकेल ना."

 तिने त्यांना शेजारी बसायला सांगितलं. ते बसले, भिंतीला टेकून. परेड मैदानाकडून कुठलातरी सराव चालल्याचा आवाज येत होता. मग ताईने विचारलं, "पप्पा, ती कशी होती?"

"सांगितलं ना. हात सुजायचे. रडायची."

"आजार नाही विचारत मी. ती कशी होती?"

पप्पा म्हणाले, मला आठवत नाही, मी फार लहान होतो. ताईने घाई केली नाही. मीही पहिल्यांदाच तोंड उघडलं नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले की छावणीत बिगुल वाजला की ते घाबरायचे. त्यांना वाटायचं, आता काहीतरी होणार. मग ती कुठूनही धावत यायची आणि दोन्ही तळहातांनी त्यांचे कान झाकायची. बिगुल संपेपर्यंत झाकून धरायची. "माझे कान झाकायची. स्वतःचे नाही." हे सांगताना त्यांनी स्वतःचे हात वर केले, कानांपाशी नेले आणि तसेच ठेवले.

ताईने विचारलं, हात सुजलेले असले तरी?

"तरी," पप्पा म्हणाले.

"केस कसे होते तिचे?"

पप्पा आठवायला लागले.